आंबा-काजूच्या मुळाशी जिवाणू कसे वाढवायचे

जिवाणू खताचं (कल्चरचं) एकच पाकीट आणून ओतलं की झालं असं नसतंय बघा. अ‍ॅझोटोबॅक्टर हवेतला नत्र (नायट्रोजन) धरतो, पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारा जिवाणू मातीत अडकलेला स्फुरद (फॉस्फरस) सोडवतो आणि सुडोमोनास मुळकुजीच्या बुरशीला आवर घालतो, त्यामुळं दोन-तीन प्रकार एकत्र द्या. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आजरा-चंदगडच्या तांबड्या मातीत स्फुरद लोह-अ‍ॅल्युमिनियमला चिकटतोय, शिरोळच्या काळ्या रानात चुन्याला, म्हणजे पीएसबी दोन्हीकडं पाहिजेच.

आधी पाकिटावरची एक्सपायरी बघा, दुकानात उन्हात ठेवलेलं असंल तर सरळ परत द्या. मग चांगलं कुजलेलं शेणखत सावलीत पसरून त्यात कल्चर मिसळा, थोडं गुळाचं पाणी शिंपडा, ओलं गोणपाट टाकून आठवडाभर ठेवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, एवढीच ओल.

आता टाकायचं कुठं? बरीच जण खोडाला ढीग लावतात, उपयोग शून्य. अन्न घेणारी बारीक पांढरी मुळं फांद्यांच्या टोकाखाली असतात, दुपारी बाराला सावलीची कड जिथं पडते तिथं वीतभर माती हलकी उकरा, खत घाला, माती ओढा आणि वर उसाचं पाचट, आपल्याकडं त्याला काय तोटा! काम संध्याकाळी करा.

वेळ जूनचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर, नाहीतर सप्टेंबरात, जुलैच्या झडीत सगळं वाहून जातंय. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) किंवा कॉपरचं ड्रेंचिंग केलं असंल, म्हणजे मुळाशी ओतलं असंल, तर पंधरा-वीस दिवस थांबा, नाहीतर त्यानं जिवाणूपण मरतात. आणि ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे, जिवाणू नव्हे, पण शेणखतातून तीपण चालते.