भाजलेल्या पेशंटचं खाणंपिणं: या चुका टाळा

आपल्याकडं घरातलं कुणी जास्त भाजलं की दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण पथ्य सांगून जातो, अंडं नका देऊ जखम पिकते, भातानं पू होतो, दही तर अजिबातच नको, आणि पेशंट बिचारा साबुदाण्याच्या पेजेवर पडून. सगळ्यात मोठी चूक हीच. पू जंतूंनी होतो, भातानं नाही.

भाजल्यावर शरीर नुसतं पडून असलं तरी लई एनर्जी खर्च करतं, कधीकधी नेहमीच्या दुप्पट, अन् खाण्यातून मिळालं नाही की स्वतःचेच स्नायू मोडून वापरतं. मोठ्या माणसाला किलोमागं साधारण दीड ते दोन ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे वजन ६० किलो असलं तर रोज ९० ते १२० ग्रॅम. एका अंड्यात असतं ६ ग्रॅम, मग वरणाच्या वरच्या पाण्यावर कसं भागणार? अंडी, चिकन, दूध, पनीर, घट्ट वरण, शेंगदाण्याचा कूट, सोयाबीनच्या वड्या (लातूरकडं सोयाबीन पोत्यानं पिकतं पण वड्या किती घरात शिजतात ते सांगा), हे दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं द्या. किडनीचा त्रास किंवा शुगर असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

"सलाईन चालूय की, जेवला नाही तरी चालतंय" हे पण चूक. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत साखर २५ ग्रॅम, म्हणजे शंभरेक कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त असतात.

नाकातून नळी टाकली की नातेवाईक घाबरतात, काढा म्हणतात. काढायला लावू नका, एवढं खाणं नुसतं तोंडानं जातच नाही. पण न विचारता घरचं काही त्यात ओतू पण नका.

ड्रेसिंगला भूल द्यायची असली की उपाशी ठेवतात. किती वाजेपासून ते नीट विचारून घ्या, नाहीतर सकाळची वेळ दुपारवर जाते आणि पेशंट दिवसभर तसाच.

जेवण जात नसेल तर मधे मधे चहा पाजू नका, दूध नाहीतर लस्सी द्या. जालन्याची मोसंबी चांगलीच, पण नुसता ज्यूस म्हणजे जेवण नाही. संडासला होत नसेल तर ते बऱ्याचदा दुखण्याच्या गोळ्यांमुळं असतं, त्यासाठी खाणं कमी करू नका, डॉक्टरला सांगा. पोट फुगलं, उलट्या व्हायल्या तर लगेच सिस्टरला.

सुरुवातीला सुजेमुळं वजन वाढल्यासारखं दिसतं, त्यावर जाऊ नका. घरी आल्यावर दर आठवड्याला वजन करा, उतरत चाललं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, आणि वर्षभर तरी एकादशी-चतुर्थी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी धरावी.