फोन स्वयंपाकघरात, बायबल उशाशी

मी नाशिकला शरणपूर रोडवर राहते. सकाळी उठल्या उठल्या वचन वाचायचं म्हणून फोनवर बायबल उघडायचे आणि वर एखादा व्हॉट्सॲप मेसेज दिसला की संपलंच. पाऊण तास रील्स, मग डबे, मग धावपळ. प्रार्थना राहून जायची आणि दिवसभर टोचणी लागायची.

खरं लागलं ते आईचं बोलणं: "अगं, रविवारी चर्चमध्ये उपदेश चालू होता आणि तुझा अंगठा स्क्रीनवर फिरत होता."

दुसऱ्याच दिवशी रविवार कारंजावरून साधं गजराचं घड्याळ आणलं, कारण फोन उशाशी ठेवायचं निमित्त गजरच होतं. आता साडेनऊला फोन स्वयंपाकघरात, फ्रीजवर. उशाशी आईचं जुनं बायबल. स्तोत्रांची पानं हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली. सुरुवात बायबलमधल्या मार्कच्या पुस्तकापासून केली, अध्याय 16च, रोज एक. पहिल्याच अध्यायात, 35 व्या वचनात, येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. त्या दिवशी तिथेच थांबले, पुढे वाचवेना.

पहिला आठवडाभर हात आपोआप उशीखाली जायचा. मग तेच हात जोडून म्हणायचे, "प्रभू, मी इथे आहे." आता पुढचं पुस्तक, लूक, चालू आहे. पेन्सिलीने खुणा करते, आईच्या खुणांशेजारी.