चाळिशीला टेकलेला खेळाडू संघात घेण्याआधी

जुलै उजाडला की एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, संघांपुढे हा प्रश्न येतोच. पंधरा-सोळा हंगाम खेळलेला, कधीच फारसा गाजावाजा न झालेला उंच खेळाडू करारातून मोकळा झालाय, घ्यायचा का? माझं मत बहुतेक वेळा 'घ्या' असंच असतं, पण तयारी करून. अल हॉरफर्डला डोळ्यांसमोर ठेवून सांगतो, कारण एकाच माणसाचा फसलेला सौदा आणि फळलेला सौदा त्याच्यात बघायला मिळतो.

आधी गुणांचा रकाना झाकून ठेवा. हॉरफर्ड पाच वेळा ऑल-स्टार (लीगच्या निवडक खेळाडूंपैकी एक) झाला, तरी एकाही हंगामात त्याची सरासरी 20 गुणांना पोचली नाही. त्यापेक्षा त्याचे चार-पाच अख्खे सामने काढून बसा. हायलाइट्स नकोत. बॉल हातात नसताना तो काय करतो तेवढंच बघा. स्क्रीन लावून (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवून) झाल्यावर कुठे वळतो, बॉल आला की किती वेळ धरून ठेवतो, मागून तरुण गार्डला (बॉल घेऊन खेळ चालवणाऱ्याला) ओरडून जागा दाखवतो का. त्यातला एक सामना चुरशीच्या प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतला, असू द्या. 2022च्या मे महिन्यात, मिलवॉकीविरुद्धच्या चौथ्या सामन्यात, मिलवॉकीच्या यानिसने हॉरफर्डच्या डोक्यावरून डंक मारला (उडी घेऊन बॉल थेट बास्केटमध्ये कोंबला) आणि जाता जाता त्याच्याकडे रोखून बघितलं. हॉरफर्डने नुसती मान हलवली. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने यानिसवरच डंक मारून परतफेड केली, 30 गुण केले आणि बॉस्टन जिंकलं. आपल्याकडे तेव्हा सकाळ होत होती. त्याचं ते मान हलवणं मी कितीदा तरी मागे नेऊन पाहिलंय.

मग एका कागदावर तो ज्यांच्या शेजारी खेळणार त्या चौघांची नावं लिहा आणि प्रत्येकाला बॉल कुठे हवा असतो ते पुढे लिहा. सगळ्यात जास्त वेळ याला द्या. 2019मध्ये फिलाडेल्फियाने हॉरफर्डशी चार वर्षांचा, 10 कोटी डॉलरच्या आसपासचा करार केला. पण तिथे जोएल एम्बीड बास्केटजवळ बॉल मागणार आणि बेन सिमन्स बाहेरून शूट करणार नाही. सगळी गर्दी आतच. हॉरफर्डला बेंचवर बसवावं लागलं आणि एका हंगामानंतर वर ड्राफ्टचा (नवे खेळाडू निवडण्याचा) पहिल्या फेरीचा हक्क देऊन ओक्लाहोमाला पाठवावं लागलं. 2021मध्ये तो बॉस्टनला परतला. तिथेही शेजारी रॉबर्ट विल्यम्ससारखा उंच खेळाडू होताच, पण तो बास्केटकडे पाठ करून बॉल मागणारा नव्हता, त्यामुळे जागा मोकळी राहायची. प्लेऑफचे 141 सामने खेळून झाल्यावर, 2022मध्ये, हॉरफर्डला पहिल्यांदा फायनल खेळायला मिळाली. माणूस तोच, वय उलट वाढलेलं.

तो अजून नवं शिकतोय का, हेही तपासा. पहिल्या आठ हंगामांत मिळून हॉरफर्डने थ्रीचे (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटचे) शंभरही प्रयत्न केले नव्हते. 2022-23मध्ये त्याचे थ्री 44 टक्क्यांच्या वर पडत होते.

वेळापत्रक घ्या आणि हंगामाच्या 82 सामन्यांतल्या लागोपाठच्या दिवशी येणाऱ्या सामन्यांवर लाल पेनाने खुणा करून ठेवा. अशा जोडीतला एक सामना बॉस्टन त्याला विश्रांती द्यायचं. त्या रात्री कोण खेळणार, त्याचं नाव आत्ताच ठरवा. पैशांचं फार लांबवत नाही: करार एक-दोन वर्षांचाच करा. किमान वेतनावर, एका वर्षासाठी येत असेल तर आणखी चांगलं, कारण इतक्या जुन्या खेळाडूच्या त्या वेतनातला काही भाग लीग भरते.

शेवटचं काम प्रशिक्षकाने स्वतः करायचं, एजंटमार्फत नाही. फोन लावा आणि सरळ विचारा, 'बेंचवरून याल का? आणि गरज पडली तर दुसऱ्या दिवशी सुरुवातीच्या पाचांत?' 2023-24मध्ये बॉस्टनमध्ये पोर्झिंगिस हा दुसरा उंच खेळाडू आला म्हणून हॉरफर्ड बेंचवर गेला. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत पोर्झिंगिस जखमी झाला आणि 37 वर्षांचा हॉरफर्ड पुन्हा सुरुवातीपासून खेळू लागला. 17 जून 2024ला, अडतिसावं वर्ष पूर्ण करून दोन आठवडे झाले असताना, बॉस्टनच्या स्वतःच्या कोर्टवर त्याने एनबीए विजेतेपदाची ट्रॉफी हातात घेतली.