गोरिला बघायचा, पण त्याला त्रास न देता

तासगावात मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. मैसूरच्या प्राणिसंग्रहालयाच्या सहलीत पोरांना सगळ्यात आधी गोरिला बघायचा असतो. थाबो आणि डेम्बा हे दोन नर २०२१ मध्ये जर्मनीहून तिथं आले. (प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं, तिकिटं काढताना ध्यानात ठेवा.)

पहिलं म्हणजे त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू नका. गोरिलाच्या लेखी ते आव्हान असतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात २००७ साली बोकितो नावाचा नर खंदक ओलांडून बाहेर आला आणि त्यानं एका बाईला जबर जखमी केलं. ती नेहमी येऊन त्याच्याकडं बघत हसायची, आपली ओळख झालीय असं तिला वाटायचं. नंतर तिथं लोकांना पुठ्ठ्याचे चष्मे वाटले, त्यांवर बाजूला बघणारे डोळे छापले होते! आपण अंग तिरकं करून बसावं आणि अधूनमधून नजर टाकावी. छाती बडवून दाखवणं, शिट्ट्या, फ्लॅश, खाऊ फेकणं मी अजिबात चालू देत नाही.

ओळखायला नाक बघा. नाकपुड्यांच्या वरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. वहीत तेवढंच चित्र काढा.

मग दर दोन मिनिटांनी, त्या क्षणी तो काय करतोय ते लिहा. खातोय, चालतोय, खाजवतोय. ‘दिसत नाही’ हाही रकाना हवाच, कारण आडोशाला जाणं हा त्याचा हक्क आहे. शेजारच्या रकान्यात समोरची माणसं आणि गोंगाट नोंदवा. त्याशिवाय त्याचं वागणं त्याचं स्वतःचं की आपल्यामुळं, हे कसं कळणार?

‘चिडला’, ‘उदास झाला’ असं लिहू नका. याचा सराव आम्ही आधी घरच्या गोठ्यात करतो. एका मुलीनं लिहिलं, ‘म्हैस कंटाळली.’ म्हटलं, तुला दिसलं काय? मग तिनं खोडून लिहिलं, ‘डोळे अर्धे मिटलेले, रवंथ चालू, शेपटी स्थिर.’ गोरिलाचंही तसंच: ओठ घट्ट मिटले, झोप नसताना जांभई दिली, एवढंच टिपा. ही बहुधा ताणाची खूण असते, तेव्हा चार पावलं मागं सरका.

ओकलेलं परत खाणं, स्वतःचे केस उपटणं हे बंदिस्त गोरिलांमध्ये आढळतं. पोरं हसायला लागली तर त्यांना तिथून हलवा आणि वेळेसकट नोंद तिथल्या कर्मचाऱ्याला दाखवा.