डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांवरून एनडीपीएसचा गुन्हा दाखल झाल्यास बचाव कसा उभा करावा

घबराटीवर दिले जाणारे अल्प्राझोलाम किंवा तीव्र वेदनांवरचे ट्रॅमाडोल अनेक घरांतल्या औषधांच्या डब्यात असते. हीच औषधे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या कक्षेतही येतात. ट्रॅमाडोलचा त्यात समावेश एप्रिल २०१८ मध्ये झाला. त्यामुळे नाकाबंदीत किंवा प्रवासात अशा गोळ्या सापडल्या आणि त्या जवळ का आहेत हे दाखवता आले नाही, तर खरोखरच्या रुग्णावरही कलम ८ व २२ खाली, म्हणजे अशी औषधे बेकायदा बाळगण्याची मनाई आणि शिक्षा सांगणाऱ्या कलमांखाली, गुन्हा दाखल होऊ शकतो.

ताब्यात घेतल्यावर सर्वप्रथम अटकेची कारणे विचारावीत, नातेवाइकांना कळवण्याची मागणी करावी आणि वकिलाला भेटू देण्यास सांगावे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे आणि २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे. औषध कोणत्या आजारासाठी घेतो आणि चिठ्ठी कुठे आहे, एवढे सांगावे. पुढचा जबाब वकिलाशी बोलल्यावरच द्यावा. न वाचलेल्या किंवा कोऱ्या कागदावर सही करू नये. तपास अधिकाऱ्याने कलम ६७ खाली घेतलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तोफान सिंग प्रकरणात ठरवले आहे, पण म्हणून वाटेल ते लिहून द्यावे असा त्याचा अर्थ नाही.

इकडे घरच्यांनी त्याच दिवशी कागद गोळा करायला लागावे, कारण अशा खटल्यात बचावाचा मुख्य आधार कागदच असतो. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, मात्रा आणि किती दिवस घ्यायचे हे लिहिलेली मूळ चिठ्ठी, रुग्णालयाचे केसपेपर आणि औषध दुकानाचे बिल शोधावे. बिलावरचा बॅच क्रमांक जप्त केलेल्या पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळला, तर ही गोळी याच दुकानातून, याच रुग्णाने घेतली हे सांगणे सोपे होते. बिल हरवले असले तरी वाट बंद होत नाही. ही औषधे ‘शेड्यूल एच१’ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकता येणाऱ्या औषधांच्या कडक नियमांच्या यादीत आहेत आणि ती विकताना दुकानदाराला डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव व दिलेली संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते. ही वही ३ वर्षे जपून ठेवणे त्याला बंधनकारक आहे. ती न्यायालयात मागवून घेण्यासाठी वकिलामार्फत वेळीच अर्ज करावा. मागच्या तारखेची चिठ्ठी मात्र कोणत्याही परिस्थितीत लिहून घेऊ नये. तो स्वतंत्र गुन्हा आहे, आणि अशी एक खोटी चिठ्ठी दहा खऱ्या कागदांवरचा विश्वास घालवते.

त्यानंतर गोळ्या मोजाव्यात. एनडीपीएस नियमांतील नियम ६६ नुसार स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत, म्हणजे प्रत्येकी दहा गोळ्यांच्या दहा पट्ट्यांपर्यंत, मनोव्यापारांवर परिणाम करणारे औषध जवळ बाळगता येते. दीर्घकालीन उपचारासाठी डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहून दिले असेल, तर ही मर्यादा ३०० पर्यंत जाते. आपली संख्या या मर्यादेत बसत असेल, तर जामीन अर्जात हाच मुद्दा सर्वांत वर असावा. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाला मात्र हा नियम लागू होत नाही. त्याचा विचार कलम २१ खाली, म्हणजे अमली औषधांच्या शिक्षेच्या कलमाखाली, होतो.

संख्येइतकेच वजन महत्त्वाचे आहे, आणि इथे सामान्य माणसाची फार मोठी फसगत होते. हिरा सिंग प्रकरणातील २०२० च्या निकालानंतर केवळ मूळ औषधाचे नव्हे, तर त्यात मिसळलेल्या इतर घटकांसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरले जाते. अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलामची गोळी १०० मिलिग्रॅम वजनाची असली, तर १०० गोळ्यांत औषध जेमतेम ५० मिलिग्रॅम असते, पण हिशेबात १० ग्रॅम धरले जातात. शिक्षा ठरवण्यासाठी कायदा एकूण वजनाचे टप्पे पाडतो: अल्प्राझोलामची अल्प मात्रा ५ ग्रॅम आहे आणि १०० ग्रॅमच्या वर व्यापारी मात्रा सुरू होते. अल्प मात्रेला कमाल १ वर्ष, मधल्या टप्प्याला कमाल १० वर्षे आणि व्यापारी मात्रेला किमान १० वर्षे शिक्षा आहे. शिवाय व्यापारी मात्रेत कलम ३७ मुळे जामीन अतिशय कठीण होतो. म्हणून पंचनाम्यातले वजन रिकाम्या पट्टीसह घेतले की केवळ गोळ्यांचे, हे वकिलाने डोळ्यांत तेल घालून तपासले पाहिजे.

मग झडतीची कागदपत्रे पाहावीत. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क सांगितला होता का, हा कलम ५० चा प्रश्न आहे. पिशवी किंवा बॅगेच्या झडतीला हे कलम लागू नाही, ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते. कलम ५२अ प्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घेतले का, लाखेचे सील शाबूत राहून मुद्देमाल प्रयोगशाळेत पोहोचला का, हेही पाहावे. प्रत्येक त्रुटीने आरोपी सुटतोच असे नाही, तरीही प्रत्येक त्रुटी नोंदवून ठेवावी.

खटल्यात कलम ३५ व ५४ मधील गृहीतके, म्हणजे आरोपीने उलट सिद्ध करेपर्यंत त्याचा दोषी हेतू व गुन्हा धरून चालणे, आरोपीच्या विरोधात जातात, म्हणून नुसती चिठ्ठी दाखल करून थांबू नये. डॉक्टर व औषधविक्रेता यांना बचावाचे साक्षीदार म्हणून बोलवावे. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर मदत मागावी. कोठडीतल्या आरोपीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.