जॉर्जकालीन इंग्रजी व्यंगचित्र हाती आले, तर ते कसे पारखावे, वाचावे आणि सोलापुरात कसे सांभाळावे

सोलापुरातला मुरलेला व्यापारी चादर घेताना आधी ती उलटी करतो. घडी मोडून मागची बाजू वर घेतो, किनार दोन बोटांत धरून पाहतो आणि मग कुठे नक्षीकडे वळतो, कारण नक्षी डोळ्यांत भरते आणि विणीचे दोष मात्र पाठीवर राहतात. जकार्ड मागावर विणायच्या नक्षीचे नकाशे काढण्यात माझे बरेचसे आयुष्य गेले असल्यामुळे असेल, पण जुने इंग्रजी छापचित्र पारखतानाही मी हाच क्रम पाळतो: आधी कागदाची पाठ, मग कडा, मग तळाची बारीक ओळ आणि सर्वांत शेवटी चित्र. नवखा माणूस नेमका उलट्या टोकाकडून सुरुवात करतो, चित्रातल्या ढेरपोट्या माणसाला हसतो, पैसे मोजतो आणि मग घरी येऊन कागद उलटतो.

जॉर्जकाल म्हणजे इंग्लंडच्या गादीवर ओळीने आलेल्या चार जॉर्ज राजांचा, १७१४ ते १८३० हा काळ. त्यातही १७८० ते १८२० ही चाळीस वर्षे व्यंगचित्रांच्या भरभराटीची होती. तिसऱ्या जॉर्जच्याच अमदानीत, मे १८१८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती थॉमस मन्रो याच्या फौजेने सोलापूरचा भुईकोट किल्ला घेतला, तेव्हा हा काळ आपल्याला वाटतो तितका परका नाही. ही चित्रे वर्तमानपत्रात छापून येत नसत. तांब्याच्या पत्र्यावर चित्र उतरवून त्याचे सुटे कागद छापले जात, दुकानाच्या काचेत लावले जात आणि साधारणपणे सहा पेन्सला साधे, एक शिलिंगला रंगीत असे विकले जात. आज ती सोलापुरात बसून मिळवायची, तर बहुधा ऑनलाइन लिलावातून, नाहीतर मुंबईच्या एखाद्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मिळवावी लागतात. क्वचित एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहाच्या बासनातही ती निघतात.

साधने फारशी लागत नाहीत. मिलिमीटरची पोलादी पट्टी, लहान टॉर्च, स्वच्छ आणि कोरडे हात, आणि धागे मोजण्याचे घडीचे भिंग एवढे पुरे. या भिंगाला कापडाच्या धंद्यात पिकग्लास म्हणतात आणि ते या शहरात ज्याच्या घरी नाही त्याच्या शेजाऱ्याकडे नक्की असते. ते कागदावर ठेवून रंगाच्या जागी डोळा लावावा. सारख्या अंतरावर, रांगेत बसलेले निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसले, तर ते यंत्रावर छापलेले आधुनिक चित्र आहे आणि पुढे तपासण्याची गरज उरत नाही. मी घेतलेले पहिलेच चित्र असे ठिपक्यांचे निघाले. विकणाऱ्याने ते जुने म्हणून दिले होते, आणि ज्या भिंगाने मी वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या टॉवेलांतल्या खोड्या काढल्या ते भिंग त्या वेळी माझ्या खिशातच होते. मात्र एक सावधगिरी बाळगावी. ॲक्वाटिंट नावाच्या पद्धतीत राळेच्या भुकटीतून सावलीची छटा आणली जाते, आणि भिंगाखाली तीही दाणेदार दिसते. पण ते दाणे वेडेवाकडे, जाळीसारखे पसरलेले असतात, एकाही रांगेत बसत नाहीत. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा चूक होत नाही.

आता पाठ पाहावी. पत्र्यावर छापताना ओला कागद प्रचंड दाबाखालून जातो, त्यामुळे पत्र्याच्या कडेचा खोलगट चौकोन कागदावर उमटतो. टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरून तिरपा उजेड टाकला की हा चौकोन उठून दिसतो. तो नसला, तर चित्र खोटे असा निष्कर्ष लगेच काढू नये, कारण त्या काळचे हौशी लोक ही चित्रे कापून वह्यांत चिकटवत आणि त्यात ही कड बहुतेक वेळा कात्रीखाली जाई. उलट, नकली चित्रावर दाब देऊन असा चौकोन मुद्दाम उठवलेलाही असतो. म्हणून एकाच खुणेवर भिस्त ठेवू नये. चित्र हाताने रंगवलेले असेल, तर हिरव्या रंगाच्या बरोबर मागे कागद तपकिरी पडलेला आहे का, तेही पाहावे; तांब्यापासून केलेला तो हिरवा रंग कागदाला हळूहळू खातो आणि त्याचा डाग पाठीवर उतरतो. दुकानात बसून ब्रशने भरलेला रंग रेषेबाहेर थोडा सांडलेला असतो, आणि एकाच चित्राच्या दोन प्रतींत कोटाचा रंगसुद्धा वेगळा असू शकतो.

त्यानंतर कागद खिडकीसमोर धरून जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटलेली आणि उजेडाआड दिसणारी खूण, शोधावे. मोठ्या इंग्रजी अक्षरांत व्हॉटमन हे कागद बनवणाऱ्याचे नाव आणि त्याखाली एखादे साल बऱ्याचदा सापडते. कागदात साल घालण्याची पद्धत १७९४ च्या कायद्यानंतर सर्रास झाली, आणि तिचा पारख करणाऱ्याला मोठा आधार आहे. चित्राखाली १७९२ लिहिले असेल आणि कागदातले जलचिन्ह १८१७ सांगत असेल, तर पत्रा खरा, पण हा छाप किमान पंचवीस वर्षे नंतरचा. चित्रावरची तारीख पत्र्याची असते, कागदाची नव्हे, ही गोष्ट मनात पक्की ठेवावी. त्या काळचा नामवंत व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याचे पत्रे तर त्याच्या मृत्यूनंतर हेन्री बॉन या प्रकाशकाकडे गेले आणि त्याने १८४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांवरून पुन्हा चित्रे काढली. ती जाड कागदावर, बिनरंगी आणि बऱ्याचदा कागदाच्या दोन्ही अंगांना छापलेली असतात. ती खोटी नव्हेत. मला तर रेषेचा अभ्यास करायला ती फार सोयीची वाटतात. फक्त त्यांना पहिल्या छापाची किंमत देऊ नये.

तळाच्या ओळीला मी चित्राची किनार म्हणतो. चित्रकार आणि उत्कीर्णकार (पत्र्यावर चित्र कोरणारा) विल्यम होगार्थची चित्रे चोरून छापली जात, म्हणून त्याने इतरांच्या साथीने पार्लमेंटकडे दाद मागितली आणि १७३५ मध्ये उत्कीर्णकारांच्या हक्काचा कायदा अमलात आला. त्या कायद्याचे संरक्षण चौदा वर्षांचे होते आणि ते मिळण्यासाठी मालकाचे नाव व प्रकाशनाची तारीख पत्र्यावर कोरणे आवश्यक होते. म्हणूनच या चित्रांखाली दिवस, महिना, साल, प्रकाशकाचे नाव आणि दुकानाचा पत्ता सापडतो. नावापुढच्या लॅटिन लघुरूपांचा अर्थ माहीत असावा: ‘डेल’ म्हणजे रेखाटले, ‘स्कल्प’ म्हणजे कोरले, ‘इन्व्ह’ म्हणजे कल्पना याची, आणि ‘फेसिट’ किंवा त्याचे आखूड रूप म्हणजे केले. गिलरेच्या उत्तरकाळातल्या चित्रांखाली बहुतेक वेळा हॅना हम्फ्री या प्रकाशिकेचे नाव येते. तिचे दुकान पुढे सेंट जेम्स स्ट्रीटवर २७ क्रमांकाच्या घरात होते आणि गिलरे त्याच दुकानाच्या वर राहत असे.

ही ओळ हाती आली, की ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर शीर्षकाचे चार शब्द टाकून शोध घ्यावा. तिथला सूचीग्रंथ स्टीफन्स आणि डोरोथी जॉर्ज यांनी १८७० ते १९५४ या काळात अकरा खंडांत सिद्ध केला. त्यातल्या चित्रांना क्रमांक आहेत आणि चित्रात कोण कोण आहे, कोणाच्या तोंडी कोणते वाक्य आहे याचे तपशीलवार वर्णन संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. आपल्या प्रतीची मापे तिथल्या मापांशी ताडून पाहावीत. काही मिलिमीटरचा फरक कागद आक्रसल्याने पडतो. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक असेल, तर ती दुसऱ्याच कोणीतरी केलेली नक्कल असण्याचा संभव अधिक.

एवढे झाल्यावर चित्र वाचायला घ्यावे. वाचायला हा शब्द मी मुद्दाम वापरतो. शि. द. फडणीस यांच्या दिवाळी अंकांवरच्या मुखपृष्ठांनी आपल्याला शब्दांवाचून हसायची सवय लावली, आणि या इंग्रजी चित्रांत मात्र फुगे, फलक, कागदाच्या गुंडाळ्या, पुस्तकांची पाठपाने अशा सर्वत्र शब्द कोंबलेले असतात. ते सगळे कागदावर उतरवून घ्यावेत आणि मग चेहरे ओळखावेत. ही अर्कचित्रे असल्यामुळे त्या काळच्या राजकारण्यांचे चेहरे ठरलेले असतात. दाट काळ्या भुवया आणि न केलेली दाढी म्हणजे चार्ल्स फॉक्स. सडपातळ बांधा आणि टोकदार नाक म्हणजे धाकटा विल्यम पिट. चष्मा आणि बऱ्याचदा जेसुइट धर्मगुरूची टोपी म्हणजे एडमंड बर्क. गलेलठ्ठ देह म्हणजे लॉर्ड नॉर्थ. आणि भल्यामोठ्या टोपीखालचा बुटका म्हणजे नेपोलियन.

उदाहरणासाठी व्यंगचित्रकार जेम्स सेयर्सचे ५ डिसेंबर १७८३ चे चित्र घेऊ. त्यात फॉक्स पौर्वात्य पोशाखात हत्तीवर बसून लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटमध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीपाशी मिरवत येत आहे. हत्तीचे तोंड पाहावे, ते फॉक्सचा सत्तेतला जोडीदार लॉर्ड नॉर्थ याचे आहे. पुढे बर्क तुतारी फुंकत चालला आहे आणि तुतारीला बंगालचा नकाशा लटकलेला आहे. निशाणावरचे ‘जनतेचा माणूस’ हे फॉक्सचे बिरुद खोडून त्या जागी ग्रीक भाषेत ‘राजाधिराज’ असे लिहिले आहे, आणि धुराड्यावर एक अशुभ पक्षी बसला आहे. आपला डोळा इथे हमखास फसतो. सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजांची मिरवणूक लहानपणापासून पाहिलेल्या सोलापूरकराला मिरवणूक म्हणजे मान, आणि हत्ती म्हणजे तर राजेशाही थाट वाटतो. सेयर्सच्या लंडनकर गिऱ्हाइकाला मात्र तोच हत्ती पूर्वेकडच्या बेबंद सुलतानाची खूण वाटत होता. कंपनीचा कारभार आपल्या माणसांच्या हाती देणारे फॉक्सचे विधेयक म्हणजे हिंदुस्थानच्या खजिन्यावर घातलेला हात, हा त्या चित्राचा आरोप होता. १७ डिसेंबरला लॉर्डांच्या सभागृहाने ते विधेयक फेटाळले, मंत्रिमंडळ गेले आणि चोवीस वर्षांचा पिट पंतप्रधान झाला. पुढे त्याने सेयर्सला सरकारी जागा दिली, हेही ध्यानात ठेवावे. ही चित्रे नेहमी निःस्पृह नसत. उलट बाजूनेही पैसा चाले. चौथ्या जॉर्जला अनैतिक प्रसंगात दाखवणार नाही, या हमीबद्दल १८२० मध्ये व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकला शंभर पौंड मिळाले.

खुणांचा असाच घोटाळा गिलरेच्या २६ फेब्रुवारी १८०५ च्या प्रसिद्ध चित्रात होतो. पिट आणि नेपोलियन टेबलाशी बसून पृथ्वीगोलाच्या आकाराचे वाफाळते पुडिंग कापत आहेत. नेपोलियन तलवारीने युरोप कापून घेतो आणि पिट त्याहून मोठा, समुद्राचा भाग उचलतो. पिटच्या हातातला त्रिशूळासारखा काटा पाहून आपल्याला शंकर आठवला, तर पूर्ण अर्थ हातचा जातो. तो समुद्रदेव नेपच्यूनचा त्रिशूळ आहे आणि सागरावर सत्ता इंग्लंडची, असे तो सांगतो.

तारखेचा आणखी एक उपयोग इथेच सांगतो. टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणहून कंपनीचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस याने मे १७९१ मध्ये माघार घेतली. मराठी सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याला येऊन मिळाल्या, तेव्हा कुठे त्याच्या उपाशी सैन्याला धान्य दिसले. त्या माघारीवरचे गिलरेचे चित्र, ज्याच्या शीर्षकात मान्सूनच्या आगमनावर कोटी आहे, ६ डिसेंबरचे आहे. मधले महिने बातमीच्या जहाजाने खाल्ले. म्हणून हिंदुस्थानविषयक चित्र असेल, तर त्यावरच्या तारखेच्या आधीच्या पाच-सात महिन्यांतली घटना शोधावी.

आता सांभाळण्याविषयी. या गावात चित्र चौकटीत बसवायला दिले, की ते हार्डबोर्डवर पांढऱ्या गोंदाने सपाट चिकटवून मिळते. माझे एक चित्र असे कायमचे गेले, आणि दोष मी सांगितले नाही याचा अधिक आहे. फ्रेमवाल्याला लेखी सांगावे की आम्लरहित पुठ्ठा मी आणून देईन, चित्र केवळ वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने अडकवायचे आहे, आणि काच चित्राला टेकता कामा नये. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांचे नावही काढू देऊ नये. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालची खोली आणि माळा या दोन्ही जागा वर्ज्य समजाव्यात. पण त्याहून घातक आहे तो पाण्याचा कूलर. दिवसभर करपलेला कागद संध्याकाळी कूलर लागताच फुगतो, सकाळी पुन्हा आकसतो, आणि महिन्याभरात त्याला लाटा पडतात. कूलर नसलेल्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, सपाट पेटीत ठेवणे उत्तम. टांगायचेच असेल, तर ऊन न येणारी भिंत पाहून वर्षातून दोन-तीन महिनेच टांगावे, कारण हाताने भरलेला रंग उडाला की परत येत नाही.

पेटीत कडुनिंबाचा पाला घालू नये, त्याचे डाग पडतात. घटस्थापनेआधी घरातल्या चादरी धुवायला निघतात, त्याच आठवड्यात पेटीही उघडावी, मऊ कोरड्या ब्रशने पुठ्ठ्याच्या कडा झाडाव्यात आणि कसर किंवा वाळवीची माती दिसते का ते पाहावे. दिसलीच, तर त्यावर फवारा मारू नये; चित्र तेवढे वेगळ्या स्वच्छ पाकिटात काढून ठेवावे आणि पेटी बदलावी.