मॉन्टेरीच्या समुद्रात देवमासे आणि समुद्रपक्षी पाहायला जाताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरीच्या उपसागरात ऐन हंगामात बोटीने जाऊन एकही देवमासा न पाहता परतलेली माणसे थोडीच सापडतील; तरीही आपली सहल फसली असे सांगणारे बरेच भेटतात. चौकशी केली तर कुणाला बोट लागलेली असते, कुणी थंडीने कुडकुडत सगळा वेळ केबिनमध्ये काढलेला असतो, कुणी ब्लू व्हेल पाहायचा म्हणून जानेवारीत गेलेला असतो, तर कुणाच्या मोबाइलमध्ये नुसत्या पाण्याचे फोटो असतात. सान होजेहून सव्वा-दीड तासाच्या अंतरावर असल्यामुळे बे एरियातील (सान फ्रान्सिस्कोच्या परिसरातील) मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आईवडिलांना हमखास येथे घेऊन येतात, आणि मग हा सगळा त्रास ज्येष्ठांच्या वाट्याला अधिक येतो. यातील बहुतेक चुका बोट धक्क्यावरून सुटण्यापूर्वीच झालेल्या असतात. एक मोठी चूक मात्र भर समुद्रात होते, ती म्हणजे पक्ष्यांकडे पाठ फिरवून बसणे.

महिना न पाहता केलेले आरक्षण

देवमासे मॉन्टेरीला का येतात हे समजून घेतले, तर हंगामाची चूक सहसा होत नाही. या उपसागराच्या मधोमध एक प्रचंड सागरी दरी आहे. तिचे तोंड मॉस लँडिंगच्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर सुरू होते आणि पुढे ती हजारो मीटर खोल उतरत जाते, त्यामुळे एरवी दूरच्या समुद्रात राहणारे प्राणी येथे किनाऱ्याजवळ दिसतात. वसंत आणि उन्हाळ्यात वायव्येकडून वाहणारा वारा पृष्ठभागावरील पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो, त्याच्या जागी खोलातील थंड व पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर कोळंबीसारखे दिसणारे क्रिल आणि अँचोव्ही जातीची लहान मासळी पोसली जाते, आणि या अन्नासाठी हंपबॅक व ब्लू व्हेल येतात. म्हणून हंपबॅक पाहायचा असेल तर साधारण एप्रिल ते नोव्हेंबर हा काळ धरावा. ब्लू व्हेल जवळजवळ केवळ क्रिल खातो, त्यामुळे त्याची शक्यता जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत अधिक असते. पण एखाद्या वर्षी क्रिल कमी असले की तो फारसा फिरकत नाही, हे आधीच मनाशी धरून जावे.

हिवाळ्यात दिसतो तो ग्रे व्हेल, आणि त्याचे येथे येण्याचे कारण वेगळे आहे. तो बहुधा चरायला थांबत नाही, केवळ वाटेने जातो. अलास्काच्या पलीकडील थंड समुद्रातून मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या खाऱ्या खाजणांकडे तो डिसेंबर ते फेब्रुवारीत दक्षिणेला जातो आणि मेपर्यंत परततो. पिलांसह माद्या सर्वांत शेवटी, एप्रिल-मेमध्ये येथून जातात. त्या पिलांच्या मागावर किलर व्हेल येतात, त्यामुळे किलर व्हेल पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनीही हेच दोन महिने निवडावेत. गेल्या काही वर्षांत ग्रे व्हेलची संख्या बरीच घटली आहे, तेव्हा जुनी वर्णने वाचून झुंडी दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये.

पक्ष्यांसाठी जायचे असेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ सर्वांत चांगला. त्या महिन्यांत खास समुद्रपक्ष्यांसाठी दिवसभराच्या फेऱ्याही निघतात. नेहमीच्या तीन-चार तासांच्या देवमाशांच्या फेरीत कप्तान एखाद्या दुर्मीळ पक्ष्यासाठी बोट थांबवील असे गृहीत धरणे चुकीचे आहे. बोटीवरील बहुसंख्य लोकांनी पैसे देवमाशासाठी मोजलेले असतात.

वेळ निवडताना सकाळची पहिली फेरी घ्यावी. दुपारी वारा वाढतो, पाण्यावर पांढरे फेसाळ तुरे उठू लागतात आणि त्या गर्दीत देवमाशाच्या श्वासाचा दूरचा फवारा ओळखणे अवघड होते. बोटीबद्दल इतकेच सांगता येईल की मोठी बोट कमी हलते आणि तिच्यावर शौचालय व बसायला जागा असते, तर हवा भरलेल्या रबरी बोटीत प्राणी पाण्याच्या पातळीवरून दिसतात पण पाठीला दणके बसतात. पाठीचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी रबरी बोटीच्या वाटेला जाऊ नये.

कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, हा गैरसमज

तारकर्लीला किंवा मुरुडला डॉल्फिन पाहायला गेलेला माणूस सुती कपड्यांत जातो आणि घाम पुसत परततो. तोच अनुभव मनात ठेवून लोक जुलैत मॉन्टेरीला टी-शर्टमध्ये येतात. येथील पाणी वर्षभर साधारण 10 ते 15 अंश सेल्सिअस इतके थंड असते, उन्हाळ्यात सकाळी धुके असते, आणि चालत्या बोटीवर वारा अंगाला सुयांसारखा टोचतो. सान होजेला पस्तीस अंश तापमान असले तरी त्यावर विसंबू नये. आत लोकरीचा थर, त्यावर जाड जॅकेट, सर्वांत वर वारा आणि तुषार अडवणारे आवरण, कानटोपी, हातमोजे आणि न घसरणारे बंद बूट असा जामानिमा करावा. साडी किंवा पायघोळ ओढणी डेकवरील ओल्या पायऱ्यांवर अडचणीची ठरते, म्हणून आईला त्या दिवसापुरती पॅन्ट घालण्याची विनंती घरीच करावी. धक्क्यावर केलेली विनंती मान्य होत नाही. ढगाळ हवेतही पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन चेहरा भाजते, त्यामुळे सनस्क्रीन विसरू नये.

बोट लागू नये म्हणून, आणि लागलीच तर

एरवी गाडी लागत नाही म्हणून बोटही लागणार नाही, हा हिशेब येथे उपयोगाचा नाही. प्रशांत महासागराच्या लांबलचक लाटांवर बोट चढते, उतरते आणि त्याच वेळी बाजूला कलतेही. प्राणी दिसल्यावर इंजिन मंद केले की हे हेलकावे अधिक जाणवतात, त्यामुळे नेमका देवमासा समोर असताना लोकांना मळमळू लागते.

औषध मळमळ सुरू झाल्यावर घेणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. डायमेनहायड्रिनेट किंवा मेक्लिझिनसारख्या गोळ्या बोट सुटण्याच्या निदान तासभर आधी पोटात जायला हव्यात. अनेक अनुभवी लोक एक मात्रा आदल्या रात्री घेतात. भारतातून आणलेली अ‍ॅव्होमिन गुणकारी असली तरी तिने गाढ झोप येते, आणि देवमाशाने शेपूट वर काढली तेव्हा बाबा बाकावर घोरत होते असे प्रकार घडतात. स्कोपोलामाइनची पट्टी कानामागे लावतात. तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती परस्पर वापरू नये. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू असलेल्या ज्येष्ठांनी कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

उपाशी पोटी जाणे आणि पोटभर तळकट खाऊन जाणे या दोन्ही गोष्टी सारख्याच वाईट. सकाळी पोळी, टोस्ट किंवा खाकरा असे कोरडे थोडेसे खावे, सोबत आलेपाक ठेवावा आणि अधूनमधून त्याचा तुकडा चघळावा. डबा भरून आणलेले बटाटेवडे परतल्यावर धक्क्यावर खायला अधिक रुचकर लागतात.

तरीही मळमळ सुरू झालीच तर खाली केबिनमध्ये जाऊन आडवे होण्याचा मोह आवरावा. बाहेर यावे, बोटीच्या मध्यावर किंवा मागच्या बाजूला, जेथे हेलकावे कमी असतात तेथे उभे राहावे, कठडा धरावा आणि नजर क्षितिजावर स्थिर ठेवावी. मोबाइलमध्ये पाहणे ताबडतोब बंद करावे. दुर्बिणीतून सतत पाहिल्यानेही त्रास वाढतो. उलटी होणार असे वाटले तर शौचालयात न जाता बोटीच्या मागच्या कठड्याशी जावे आणि वारा पाठीकडून येत आहे ना, हे आधी पाहावे. या शेवटच्या सूचनेचे महत्त्व शेजाऱ्यांना अधिक कळते.

पक्ष्यांकडे पाठ

बोटीवरील बरेच लोक पक्षी दिसले की 'सीगल आहेत' असे म्हणून पुन्हा पाण्यावर नजर लावतात. वास्तविक, देवमासा पाण्याखाली कोठे चरत आहे हे वरून सांगणारी सर्वांत विश्वासू खूण पक्षी हीच आहे. कप्तान आणि मार्गदर्शक दूरवर पाहत असतात ते बहुतेक वेळा पक्ष्यांचे थवेच असतात.

उन्हाळ्यात येथे सुटी शिअरवॉटर नावाचे गडद तपकिरी पक्षी प्रचंड संख्येने येतात. ते न्यूझीलंड आणि चिलीच्या बेटांवर वीण करतात आणि तेथील हिवाळा टाळण्यासाठी उत्तरेला येतात. त्यांच्या वर्षभराच्या फेरीचे अंतर सुमारे 64,000 किलोमीटर भरते, असे पक्ष्यांना लावलेल्या यंत्रांवरून 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. ओळखण्याची खूण सोपी आहे: पंख ताठ ठेवून तो लाटेच्या अगदी लगत तिरका सरकत जातो, आणि वळताना पंखांच्या खालची रुपेरी बाजू चमकते. सीगल पंख निवांतपणे हलवत वर उडत असतो. या शिअरवॉटरचा थवा एका रेषेत कोठे तरी निघालेला असेल तर तो प्रवासात आहे; पण तोच थवा एका जागी घिरट्या घालू लागला, काही पक्षी पाण्यात बुडी मारू लागले, त्यांत तपकिरी पेलिकन उंचावरून चोच खाली करून कोसळू लागले आणि सी लायन (सीलसारखे सागरी प्राणी) पाण्यातून उसळ्या घेऊ लागले, तर खाली अँचोव्हीचा थवा कोंडला गेला आहे असे समजावे आणि कॅमेरा तेथेच रोखावा. पाणी खदखदल्यासारखे दिसते, लहान मासे पृष्ठभागावरून टणाटण उडतात, पक्षी अचानक एकदम वर उठतात, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेतून हंपबॅकचा उघडा जबडा सरळ वर येतो. त्याच्या गळ्याच्या चुण्या फुगून ताणलेल्या असतात आणि जबड्याच्या कडेने पाण्याबरोबर मासे निसटत असतात. पक्षी वर उठले तो क्षण आणि जबडा वर आला तो क्षण यांत एखाद-दुसऱ्या सेकंदाचेच अंतर असते, म्हणून पक्ष्यांकडे न पाहणाऱ्याच्या हाती फक्त परत मिटणारे पाणी लागते.

दरीच्या खोल भागावर गेल्यावर काळ्या पायांचा अल्बट्रॉस दिसण्याची चांगली शक्यता असते. पंखांचा पसारा सुमारे दोन मीटर, रंग धुरकट तपकिरी, चोचीभोवती पांढरट छटा, आणि पंख न हलवता बराच वेळ चालणारे तरंगणे. हा वायव्य हवाईच्या बेटांवर घरटे करतो आणि अन्नासाठी येथवर येतो. शरद ऋतूत चिमणीहून थोडे मोठे, काळपट स्टॉर्म पेट्रेल पाण्यावर थव्याने बसलेले आढळतात. त्यातील अ‍ॅशी स्टॉर्म पेट्रेल ही जात कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील बेटांपुरतीच वीण करते, त्यामुळे जगभरातील पक्षीनिरीक्षक तिच्यासाठी येथे येतात. आपल्याकडे असे खोल समुद्रातील पक्षी पावसाळ्यात वादळाने भरकटून थकलेल्या अवस्थेत कोकण किनाऱ्यावर सापडतात. देवमाशाचेही काहीसे तसेच. 2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला वाळूत रुतलेले पिल्लू अनेकांनी पाहिले, पण हे प्राणी आपल्या पाण्यात धडधाकट वावरताना पाहण्याची संधी तेथे क्वचितच मिळते.

दुर्बीण आणताना दहापट मोठे दाखवणारी आणू नये. हलत्या बोटीवर प्रतिमा थरथरते. सात किंवा आठ पटींची पुरेशी होते. कॅमेऱ्यासाठी तिपाई निरुपयोगी आहे, शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा अधिक ठेवावा, आणि काचेवर उडालेले खारे तुषार कोरड्या कापडाने घासू नयेत, आधी गोड्या पाण्याने ओलावलेल्या कापडाने टिपावेत.

'कुठे आहे?' असे विचारेपर्यंत

मार्गदर्शक 'दोन वाजता' असे ओरडतो तेव्हा नवखा माणूस मनगटावरील घड्याळाकडे पाहतो. बोटीचे पुढचे टोक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, मागची सहा आणि डावी नऊ, ही पद्धत सुरुवातीलाच लक्षात ठेवावी आणि बरोबरच्या ज्येष्ठांना मराठीत समजावून सांगावी. शोधायचा असतो तो फवारा. ब्लू व्हेलचा फवारा उंच खांबासारखा आठ-नऊ मीटरपर्यंत जातो, हंपबॅकचा झुडपासारखा पसरट असतो, आणि ग्रे व्हेलचा समोरून पाहिल्यास पत्त्यांतील बदामाच्या आकाराचा दिसतो. हंपबॅकने काही श्वास घेऊन पाठ कमानीसारखी वाकवली की तो खोल बुडी घेणार आहे, आणि शेपूट आता दिसेल, हे ओळखून तयार राहावे. त्यानंतर पाच-दहा मिनिटे तो वर येत नाही. याच वेळी लोक कंटाळून आत जातात आणि नेमके पुढचे दर्शन हुकते.

देवमाशाच्या आणखी जवळ बोट न्यावी म्हणून कप्तानाकडे हट्ट धरू नये. अमेरिकेत 1972 च्या कायद्याने सागरी सस्तन प्राण्यांना त्रास देणे गुन्हा आहे, आणि देवमाशांपासून साधारण 100 यार्ड अंतर राखण्याची मार्गदर्शक सूचना आहे. बोट थांबलेली असताना एखादा हंपबॅक स्वतःहून जवळ आला तर ती त्याची मर्जी. अशा वेळी त्याच्या श्वासाचे तुषार अंगावर आले, तर सडलेल्या मासळीचा वास जॅकेटला दिवसभर राहतो, हेही ध्यानात असावे.

फेरी रद्द झाली किंवा काहीच दिसले नाही तर

वाऱ्यामुळे फेरी ऐन वेळी रद्द होणे वसंत ऋतूत नेहमीचेच आहे. म्हणून विमानाच्या आदल्या दिवसाचे आरक्षण करू नये, आणि शक्य असल्यास पुढचा एक दिवस मोकळा ठेवावा. देवमासा दिसला नाही तर काही कंपन्या पुन्हा फुकट नेतात, पण त्याच्या अटी वेगवेगळ्या असतात; त्या तिकीट काढतानाच वाचाव्यात. धुक्यामुळे मात्र घाबरून आरक्षण रद्द करू नये, कारण धुक्याच्या दिवशी समुद्र बहुधा शांत असतो आणि कित्येकदा थोडे आत गेल्यावर हवा निवळते.

बोट सुटलीच नाही, तर शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्हमधील पॉइंट पिनोस येथे जावे. 1855 पासून चालू असलेल्या तेथील दीपगृहाजवळचे टोक समुद्रात पुढे आलेले आहे, आणि वायव्येचा वारा जोरात असतो त्या दिवशी पक्षी किनाऱ्याच्या अधिक जवळून जातात. सकाळी लवकर, सूर्य पाठीमागे असताना, खडकांपासून सुरक्षित अंतरावर दुर्बीण घेऊन बसल्यास हंगामाप्रमाणे शिअरवॉटरच्या रांगा आणि हिवाळ्यात ग्रे व्हेलचे फवारे जमिनीवरूनही दिसू शकतात. तेथेही कानटोपी लागतेच.